इंजिनाला मागणी

मातीच्या त्या मैदानावर एक नियम होता. नवख्या माणसाला तो सांगितला की आधी त्याला हसू यायचं आणि मग घाम फुटायचा. शर्यत संपली की हरलेल्यांपैकी कोणीही जिंकलेल्या गाडीपाशी जायचं, डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्या बॉनेटवर ठेवायचं, आणि एवढ्यावर ते इंजिन त्याचं. बदल्यात त्याने आपलं इंजिन द्यायचं, मग ते कितीही भंगार असो. नाही म्हणायची सोय होती, पण मग जिंकणं पुसलं जायचं आणि वर्षभर मैदानाचं दार बंद. कोणा गबरगंडाने भारीतलं इंजिन आणून सगळ्यांच्या रविवारची माती करू नये म्हणून कधीकाळी कोणीतरी डोकं लढवून हा नियम काढला होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. मैदानावर सगळे त्याला 'मागणी' म्हणत. "काय, आली का मागणी?" असं एखाद्या मुलीच्या बापाला विचारावं तसं विचारत, आणि इंजिन बांधणाराही तसाच अर्धा खुशीत, अर्धा रडवेला होऊन मान हलवायचा.

मिस्त्रींना अशी मान हलवायची सवय होती. त्यांनी आयुष्यात शर्यतीची जेवढी इंजिनं बांधली तेवढी सगळी मागणीत गेली. पोटापाण्याला त्यांचं पंप आणि जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, घराला चिकटूनच. शर्यत हा नाद. त्यांची थोरली मुलगी लहानपणापासून बघत आली होती: महिनोन् महिने वर्कशॉपच्या मधोमध स्टँडवर एक इंजिन आकाराला यायचं, घरात बोलणं त्याचंच, आईचा वैतागही त्याच्यावरच, आणि एका रविवारनंतर ते दुसऱ्याच्या टेम्पोत चढून निघून जायचं. त्याच्या जागी यायचं कुणाचं तरी ऑइल गळणारं धूड. मिस्त्री ते धूड उघडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाबांनी स्वतः बनवलेलं घरात काय आहे, असं कोणी विचारलं असतं तर थोरलीला एक स्टूल दाखवता आलं असतं, आणि तेही डुगडुगायचं.

हे इंजिन बांधता बांधता मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जाणार हेही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तोवर अवघड काम बहुतेक उरकलं होतं. चारही पिस्टन एका वजनाचे होईपर्यंत आतून कणाकणाने घासून झाले होते. पिस्टनवर बसणाऱ्या झाकणातून, म्हणजे हेडमधून, हवा आत जायच्या वाटा बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत करून झाल्या होत्या. त्यासाठी मिस्त्री डोळे मिटायचे आणि आत बोट फिरवायचे. जिथे बोट थबकतं तिथे हवाही थबकते, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी शेवटी मात्र पाना बोल्टवर बसेना. तो बोल्टच्या डोक्यावर नुसता टकटक वाजत राहायचा. एका दुपारी त्यांनी पाना थोरलीच्या हातात दिला, "तू आवळ" म्हणाले आणि हात खिशात घालून बाजूला झाले. त्यानंतर ते हात एरवी जेवणापुरतेच खिशाबाहेर यायला लागले. हे शेवटचं इंजिन, असं घरात कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी धाकटी सुट्टी घेऊन आली होती. धाकटी आठवडाभर बालवाडीत मुलांना बडबडगीतं शिकवायची आणि रविवारी हेल्मेट चढवून भल्याभल्यांना माती चारायची. गाडी तिची, म्हणजे चालवायला तिची. थोरली इंजिनावर वाकलेली होती, एक हात डिस्ट्रिब्युटरवर. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला आपापल्या वेळी ठिणगी वाटून देणारं डबडं. ते केसभर इकडे फिरवलं तर ठिणगी लवकर, तिकडे फिरवलं तर उशिरा. यालाच टायमिंग लावणं म्हणतात. लवकर पडली तर पिस्टनला मार बसतो, उशिरा पडली तर इंजिन आळशी होतं. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हात थरथरत होता, पण त्या दिवशी अजून जमत होतं. थोरली हळूहळू डबडं फिरवत गेली. इंजिनाचा आवाज खडबडीतचा नितळ झाला.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

थोरलीने बोल्ट आवळला आणि छिन्नीने डबड्यापासून ब्लॉकपर्यंत एक सरळ रेघ मारून ठेवली. जुनी पद्धत. कधी काढावं लागलं तर बसवताना रेघेला रेघ जुळवायची.

दारात बेकरीवाला उभा होता. पाव द्यायला आला होता आणि पाव तसेच हातात राहिले होते. त्याचे केस, भुवया, बूट, सगळ्यावर पीठ. गेली कित्येक वर्षं तो शर्यतीत उतरत होता आणि त्याची गाडी निळा धूर सोडत असे, कारण तिचं इंजिन पेट्रोलच्या बरोबरीने ऑइल प्यायचं. माणूस मात्र जीव तोडून चालवायचा.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ही पोरगी जिंकली ना, की बॉनेटवर हेल्मेट माझं. आत्ताच सांगून ठेवतो."

मिस्त्री खूप दिवसांनी हसले. धाकटी म्हणाली, "आधी माझ्या मागे तरी टिकून दाखव." सगळे हसले. थोरली मात्र छिन्नीच्या रेघेकडे बघत राहिली.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ती वर्कशॉपात एकटी होती. बॉनेट उघडून ती बराच वेळ नुसती बघत बसली. मग तिने तो एकच बोल्ट सैल केला आणि डबडं उशिराच्या बाजूला सरकवलं. फार नाही. रेघेचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यात नखाच्या कडेएवढं अंतर पडलं. बोल्ट पुन्हा आवळला. मोडणार काही नव्हतं, फुटणार काही नव्हतं. इंजिन फक्त थोडं आळसावणार होतं. दुसऱ्या नंबरच्या गाडीला कोणी मागणी घालत नाही. बाबांच्या हातचं एक तरी काम घरात राहील, एवढाच तिचा विचार होता, आणि त्यात तिला त्या क्षणी काही वावगं दिसलं नाही.

धाकटी दुसरी आली. मग तिसरी, मग पुन्हा दुसरी.

"वळणातून मी सगळ्यांच्या पुढे निघते," ती हेल्मेट काढून घामाने थबथबलेली सांगायची. "सरळ रस्ता लागला की याला दम लागतो. ताई, तू बघ ना जरा. काहीतरी अडतंय."

"बघते," थोरली म्हणायची.

मिस्त्री कुंपणाजवळ त्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचे. शर्यत ते बघत नसत, ऐकत. घरी आल्यावर एकदाच विचारायचे, "टायमिंग?"

"बरोबर आहे."

"हं," म्हणायचे आणि विषय संपायचा. टायमिंग थोरलीने लावलेलं असलं की मिस्त्री ते पुन्हा तपासत नसत. गिऱ्हाइकांसमोरही अभिमानाने सांगायचे, हिने लावलंय, बघायची गरज नाही. एकदा गाडीतून निघणारा धुराचा पाइप त्यांच्या नजरेला पडला. तो तापून निळसर झाला होता, ठिणगी उशिरा पडली की होतो तसा. "एवढा तापायला नको," ते म्हणाले. थोरली म्हणाली, "ऊन फार होतं आज." चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला असलं उत्तर द्यायचं म्हणजे कमालच झाली. पण मिस्त्रींनी तेही ऐकून घेतलं.

आईला इंजिनातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचीही तिची इच्छा नव्हती. इंजिनाला स्टँड आहे आणि माणसांना धड खुर्ची नाही, हे तिचं या विषयावरचं पहिलं आणि शेवटचं मत. पण एका सकाळी तेलकट चिंध्या भिजत घालताना ती थोरलीला म्हणाली, "तुझे बाबा हल्ली जेवताना हाताकडे बघत बसतात. घास तसाच राहतो. हात दुखतो का विचारलं तर नाही म्हणतात. तू विचारून बघ. तुझ्याशी बोलतात ते."

थोरली वर्कशॉपात गेली. मिस्त्री स्टुलावर बसले होते. मांडीवर भंगारातलं एक जुनं हेड, डोळे मिटलेले, तर्जनी हवेच्या वाटेत आतपर्यंत गेलेली. ती दारातच थांबली.

"बोट थबकतंय," ते डोळे न उघडता म्हणाले. तिची चाहूल त्यांना लागली होती. "पण थबकतंय की थरथरतंय, तेच कळत नाही."

"कशाला त्रास करून घेता?"

"बघत होतो, कुठे चुकलो असेन." त्यांनी बोट बाहेर काढलं आणि पँटला पुसलं. "मला वाटत होतं हात या वर्षी गेले. तसं नसणार. बांधत होतो तेव्हाच गेले असतील, आपल्याला पत्ता नाही. मन म्हणतं गुळगुळीत झालं, आणि आत उंचवटे तसेच. नाहीतर असं इंजिन दुसऱ्या नंबरवर येईल का गं?"

थोरलीने त्यांच्या मांडीवरचं हेड उचलून टेबलावर ठेवलं.

"आणि तुला सांगतो, कुंपणापाशी बसल्यावर कान मला म्हणतात, टायमिंग मागे आहे, ठिणगी उशिरा पडतेय. दर वेळी म्हणतात. पण तू लावलंयस, तू बरोबर आहे म्हणतेस, म्हणजे ते बरोबरच असणार. म्हणजे कानही गेले." ते सहज बोलत होते, पंपाचा वायसर गेला म्हणावं तसं. "हंगाम संपला की भंगारात घाला ते. आणि धाकटीला दुसऱ्या कोणाकडून तरी चांगलं बांधून द्या. पोरीचं वर्ष माझ्यापायी फुकट गेलं."

आई मागून हाका मारत होती, भिजलेल्या चिंध्यांचं काय करायचं म्हणून. थोरली तिथून हलली ती थेट मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिला स्वतःची अशी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. बाबांचं काम घरात राहावं म्हणून तिने जे केलं होतं, त्याने बाबांचं काम बाबांकडूनच काढून घेतलं होतं. लोखंड तेवढं स्टँडवर राहिलं असतं. ज्या माणसाने ते बांधलं तो ते आपण बिघडवलं असं समजून उरलेले दिवस हाताकडे बघत बसला असता. आणि त्यांच्या कानांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, कारण तिच्या शब्दावर होता.

हंगामाची शेवटची शर्यत राहिली होती. त्या सकाळी मैदानावर गाड्या ओळीने लागल्या, कोणी हवा भरतंय, कोणी प्लग पुसतंय. धाकटी हातमोजे शोधत होती. थोरलीने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि मिस्त्रींच्या स्टुलापाशी जाऊन लांब स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, जरा ऐकता?"

"आता काय ऐकायचं त्यात?"

"या तर."

मिस्त्री उठले. गाडीवर वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांची नजर छिन्नीच्या रेघेवर होती. रेघेचा अर्धा भाग डबड्यावर, अर्धा ब्लॉकवर, आणि दोन्ही एकमेकांना चुकवून उभे. किती वेळ ते बघत होते कोण जाणे. थोरलीला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, निदान हातातलं फेकतील तरी. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

तिने बोल्ट सैल केला. डबडं हळूहळू फिरवत गेली. आवाज चढला, नितळ झाला.

"थांब."

तिने खाली पाहिलं. रेघ एकसंध झाली होती, मधे धागाही जाणार नाही अशी. मिस्त्रींनी डोळे उघडले नव्हते.

तिने बोल्ट आवळला आणि इंजिन बंद केलं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मागणी येईल म्हणून?"

तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला तिच्याकडे एकही बोट स्वच्छ नव्हतं.

"म्हणजे कान ठीक आहेत," मिस्त्री म्हणाले. "हातही ठीक होते तेव्हा." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं, आणि ते पाहून तिला जास्तच लाज वाटली. मग त्यांचा आवाज बदलला. "मागणी न आलेलं इंजिन घरात ठेवून काय करायचं होतं तुला? त्यावर कपडे वाळत घालायचे होते?"

"तुमचं काहीतरी राहिलं असतं घरात."

"माझं काय राहावं ते मला विचारायचंस." ते स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात न देता चाकावरच्या पत्र्यावर ठेवून निघून गेले. वाट खडबडीत होती. तिने आधाराला पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या वळणातून धाकटी नेहमीसारखी पुढे निघाली आणि सरळ रस्त्यावर बाकीचे नेहमीसारखे तिला गाठायला धावले, पण या वेळी गाठायला कोणी नव्हतं. ती पुढच्या वळणावर पोचलीसुद्धा होती. बेकरीवाला निळा धूर सोडत जिवाच्या आकांताने दुसरा आला. कुंपणापाशी मिस्त्री डोळे मिटून बसले होते. गाडी समोरून गेली की त्यांची मान तेवढी गाडीबरोबर वळायची.

धाकटी उतरून नाचत होती तेव्हाच बेकरीवाला गर्दीतून वाट काढत आला. त्याने हेल्मेट काढलं. पीठ आणि घाम मिळून कपाळावर कणीक झाली होती. त्याने थोरलीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, आणि हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. ठेवताना आवाज होऊ नये याची त्याने काळजी घेतली.

"मिस्त्री, सांगून ठेवलं होतं मी."

"सांगितलं होतंस," मिस्त्री म्हणाले. ते उठून गाडीपाशी आले. "थंड असताना जोर लावू नकोस. ऑइल तुझ्या आधीच्यासारखं पाजू नकोस, हे पीत नाही. आणि हे डबडं आहे ना, त्याला हात लावायचा नाही. रेघ मारलीय बघ तिथे."

बेकरीवाला वाकून रेघ बघायला लागला. मिस्त्रींनी खिशातून उजवा हात काढला. असा सगळ्यांच्या नजरेसमोर, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच. तो तापलेल्या झाकणाच्या वर नुसता धरला. हात थरथरत होता आणि कोणी पाहतंय का याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. थोरलीने पाहिलं, आणि इंजिन जाणार याचं दुःख तिला झालंच, पण तिने मनात धरलं होतं तेवढं ते मोठं निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन चेन-पुलीवर लटकून बेकरीवाल्याच्या टेम्पोत गेलं, आणि त्याचं धूड स्टँडवर आलं. आतून बाहेरून ऑइलने माखलेलं, आणि फटीफटींत खरोखरच पीठ. आई दारातून बघून म्हणाली, "हे तर भजी तळून आणल्यासारखं आहे," आणि चिंध्या आणायला गेली.

"उघड," मिस्त्री स्टुलावर बसत म्हणाले.

या खेपेला पाना पहिल्यापासून थोरलीच्याच हातात होता. हेड उतरल्यावर मिस्त्रींनी तिला डोळे मिटायला लावले.

"बोट घाल. काय लागतंय?"

"काही नाही."

"पुन्हा घाल. सावकाश."

"डावीकडे थोडं खरखरतंय."

"थोडं? नीट सांग. माझं बोट आता तू आहेस, मला थोडं म्हणून कळायचं नाही."

असं महिनोन् महिने चाललं. ते रागावले, तिने रडून घेतलं, पुन्हा घासलं. एक वाट त्यांनी तिला इतक्यांदा करायला लावली की धाकटी म्हणाली, आता पलीकडून उजेड दिसेल. मागणीचा विषय कोणी काढला नाही. बेकरीवाला पाव टाकायला यायचा तेव्हा मात्र आवर्जून सांगायचा, रेघेला हात लावलेला नाही.

इंजिन चालू झालं त्या दिवशी थोरलीने टायमिंग लावलं. या वेळी स्वतःच, कानाने, लांब स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावून. आवाज नितळ झाला तिथे थांबली. बोल्ट आवळला, रेघ मारली, आणि वळून म्हणाली, "बरोबर आहे."

पूर्वी मिस्त्री "हं" म्हणायचे आणि विषय संपायचा. ती त्या "हं"ची वाट बघत उभी राहिली. मिस्त्री स्टुलावरून उठले, गाडीपाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. स्क्रू ड्रायव्हरसाठी.

तिने दिला. त्या रविवारी इंजिनाखेरीज घरातून काय गेलं ते तिला आत्ता कळलं होतं, आणि ते कोणी मागून नेलं नव्हतं.

मिस्त्रींनी टोक ब्लॉकला टेकवलं. ते टिकेना. हात आता पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होता. दुसरा हात लावला तरी टोक लोखंडावर टकटक वाजत राहिलं, आणि त्या टकटकीत काय ऐकू येणार. थोरली जवळ गेली. तिने आपला तेलकट हात त्यांच्या मुठीवर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. टकटक थांबली.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि ऐकायला लागले. तिने लावलेलं ते तपासत होते, आणि त्यांना नीट तपासता यावं म्हणून ती हात धरून उभी राहिली.